नकारानंतरचा अर्ज

विद्यापीठाच्या अध्यापक-शिक्षणक्रमासाठी केलेला अर्ज नामंजूर झाल्याची वार्ता आज उमेदवारास टपालाने येत नाही. ती संगणकाच्या पडद्यावर, त्याच्या खात्यात, एका ओळीत उमटते, आणि त्या ओळीत ‘पात्रता सिद्ध होत नाही’ किंवा ‘कागदपत्रे अपूर्ण’ यापलीकडे बहुधा काहीही लिहिलेले नसते. शिक्षक होण्याचे मनाशी पक्के ठरविलेला उमेदवार ती ओळ वाचून एक तर नशिबाला बोल लावीत स्वस्थ बसतो, किंवा त्याच रात्री कुलगुरूंपासून शिक्षणमंत्र्यांपर्यंत सर्वांना एक लांबलचक विनवणी धाडतो. तीत घरची परिस्थिती, वडिलांचे आजारपण आणि स्वतःची तळमळ ही सारी असतात, परंतु अर्ज कोणत्या नियमाखाली नाकारला गेला आणि तो नियम आपल्या बाबतीत चुकीने कसा लावला गेला, याविषयी एक अक्षर नसते. या दोन्ही वाटांनी जागा मिळत नाही. नामंजुरीविरुद्ध दाद मागण्याचा एक जाबता आहे, त्याला मुदत आहे, त्यासाठी नेमलेली अधिकारपदे आहेत, आणि दाद मागणाऱ्याचे यश बहुतांशी एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते : उमेदवार मुळात पात्रच नव्हता, की पात्र असूनही त्याच्या पात्रतेचा पुरावा योग्य रूपात वा योग्य वेळी दफ्तरात पोहोचला नाही?

हा प्रश्न यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहारसारख्या वसाहतीत विशेष तीव्रतेने उभा राहतो, आणि त्याचे कारण तेथील मराठी कुटुंबांच्या जीवनक्रमात आहे. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे, बँकेतील बदलीमुळे किंवा वृत्तपत्रव्यवसायामुळे दिल्लीस येऊन स्थिरावलेल्या या कुटुंबांतील मुलामुलींची कागदपत्रे एका राज्याची नसतात. दहावीची गुणपत्रिका महाराष्ट्र राज्य मंडळाची, बारावीचा दाखला दिल्लीतील केंद्रीय मंडळाच्या शाळेचा, पदवी पुण्याच्या किंवा मुंबईच्या विद्यापीठाची, जातीचा दाखला साताऱ्याच्या वा अमरावतीच्या उपविभागीय अधिकाऱ्याचा, आणि प्रवेशाचा अर्ज मात्र दिल्लीच्या विद्यापीठाकडे, अशी ती सरमिसळ असते. प्रत्येक कागद आपापल्या जागी खरा असतो. पण त्या सर्वांचा ताळा जेव्हा एखाद्या अनोळखी कारकुनास थोडक्या वेळात घालावयाचा असतो, तेव्हा शंकेला जागा पुष्कळ उरते, आणि शंका आली की नकाराचा शेरा मारणे हा कचेरीचा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो.

राजधानीत अध्यापक-शिक्षणाची परंपरा जुनी आहे. दिल्ली विद्यापीठाची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था १९४७ च्या डिसेंबरात, मौलाना आझाद यांच्या प्रेरणेने, स्थापन झाली आणि पुढे विद्यापीठाचा शिक्षणविभाग म्हणून वाढली. जामिया मिलियामध्ये शिक्षक घडविण्याचे काम त्याहीपूर्वी, १९३८ मध्ये, सुरू झाले होते. आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गुरू गोविंदसिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतूनही बी.एड.चे वर्ग चालतात. या सर्वांवर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नियंत्रण आहे. १९७३ पासून केवळ सल्ला देणारी ही परिषद १९९३ च्या कायद्याने अधिकारसंपन्न झाली, आणि तिच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा केला. त्याच विनियमांत प्रवेशाची किमान पात्रता ठरविलेली आहे, आणि नामंजुरीविरुद्ध लिहू पाहणाऱ्याने पहिल्यांदा वाचावयाचा मजकूर तोच : पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, यांपैकी एकीत निदान ५० टक्के गुण, अभियांत्रिकीची पदवी असल्यास ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत. यातील ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. ज्याला बी.ए.ला ४७ टक्के आणि एम.ए.ला ५८ टक्के गुण आहेत, तो परिषदेच्या नियमाने पात्र ठरतो. आणि विद्यापीठाने आपल्या माहितीपत्रकात याहून कडक अट घातलेली नसेल, तर केवळ बी.ए.च्या रकान्यातील आकडा पाहून त्याचा अर्ज बाजूला टाकणे ही सरळसरळ चूक आहे. अशी चूक दाखवून दिली की ती दुरुस्त होते, कारण तिच्या दुरुस्तीसाठी कोणालाही मेहेरबानी करावी लागत नाही.

परंतु सर्वच नकार या जातीचे नसतात. गुणवत्ता-यादीत आपला क्रमांक जागांच्या संख्येखाली गेला म्हणून मिळालेला नकार हा पात्रतेचा प्रश्नच नव्हे, आणि त्याविरुद्ध तक्रार करण्यात उमेदवाराचे श्रम बहुधा व्यर्थ जातात. माझी उत्तरे अधिक चांगली होती, परीक्षकाने मला न्याय दिला नाही, हे म्हणणे विद्यापीठही ऐकत नाही आणि न्यायालयही ऐकत नाही. या बाबतीत महाराष्ट्राचाच एक खटला सर्व देशाला मार्गदर्शक ठरला. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा व फेरतपासणीचा हक्क मागितला, मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला, परंतु १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियम कायम ठेवला आणि शैक्षणिक मूल्यमापनात न्यायालयांनी आपले मत लादू नये असे ठरविले. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क पुढे २०११ मध्ये, माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली, आदित्य बंदोपाध्याय यांच्या प्रकरणात मान्य झाला. पाहण्याचा हक्क मिळाला, फेरमूल्यांकनाचा मिळाला नाही. इंग्लंडमधील विद्यापीठेही प्रवेशाबाबतची तक्रार प्रक्रियेतील चुकीपुरतीच ऐकतात आणि शैक्षणिक निर्णयाला हात लावू देत नाहीत. तेव्हा ही केवळ आपल्याकडची कठोरता आहे असे समजू नये. सामाईक प्रवेश परीक्षेत मात्र एक दार अधिकृतपणे उघडे असते : परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध करते, त्या सूचीतील उत्तर चूक असल्यास प्रत्येक प्रश्नामागे ठराविक शुल्क भरून हरकत घेता येते, आणि हरकत टिकली तर दुरुस्ती सर्व उमेदवारांना लागू होते. ही हरकत त्या चार-दोन दिवसांतच घ्यावी लागते. निकाल लागल्यावर तीच गोष्ट सांगू लागल्यास तिचे वजन फार कमी होते. १९८३ च्या कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणापासून न्यायालयांची भूमिका अशी आहे की उत्तरसूची बरोबर आहे असेच धरून चालावे, आणि ती चूक असल्याचे म्हणणाऱ्याने ते इतके उघड दाखवावे की कोणाही जाणत्यास शंका राहू नये.

तसेच, किमान गुणांची अट थोडक्यात हुकली असेल तर तेथेही आशा धरू नये. ४९.६ म्हणजे जवळजवळ ५० च, हा युक्तिवाद घरात पटतो, कचेरीत पटत नाही. ओडिशाच्या न्यायिक सेवेतील एका उमेदवाराचे ४४.९३ टक्के गुण ४५ धरावेत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, कारण नियमात अपूर्णांक पूर्ण करण्याची तरतूद नव्हती. याउलट, गुण श्रेणीच्या स्वरूपात असतील आणि त्यांचे टक्क्यांत रूपांतर करताना उमेदवाराने किंवा तपासनिसाने चुकीचे सूत्र वापरले असेल, तर ती बाब अवश्य अपिलात घ्यावी; प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे रूपांतरसूत्र असते, ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेले असते, आणि दहाने गुणण्याच्या सरधोपट हिशेबात पात्र माणूस अपात्र ठरू शकतो किंवा अपात्र माणूस काही दिवस पात्र ठरून मग दुप्पट दुःखी होतो.

मयूर विहारपुरती आणखी एक बाब येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे दरवर्षी काही घरांत नाहक संताप होतो. इंद्रप्रस्थ विद्यापीठात ८५ टक्के जागा दिल्ली विभागासाठी आणि १५ टक्के बाहेरच्यांसाठी असतात. परंतु उमेदवार दिल्लीचा की बाहेरचा, हे त्याच्या राहत्या घरावरून ठरत नाही, तर ज्या संस्थेतून त्याने पात्रता-परीक्षा दिली ती संस्था कोठे आहे यावरून ठरते. मयूर विहारची वस्ती नोएडाच्या सीमेला लागून आहे. जन्म दिल्लीत, रेशनकार्ड दिल्लीचे, मतदान दिल्लीत, पण पदवी मात्र सीमेपलीकडच्या नोएडातील महाविद्यालयाची, अशी मुले येथे पुष्कळ आहेत, आणि बी.एड.साठी पात्रता-परीक्षा पदवीचीच असल्यामुळे ती बाहेरची गणली जातात. या नियमाविरुद्ध आधारकार्ड जोडून अपील करणे निष्फळ आहे. नियम अन्यायकारक वाटत असेल तर त्याविरुद्ध सार्वजनिक रीतीने बोलावे, आणि मीही बोलेन. पण नियम बरोबर लावला गेला असेल तर अपिलाने तो बदलत नाही.

आता ज्या नकारांविरुद्ध खरोखर लढता येते, त्या कागदपत्रांच्या नकारांकडे वळू. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातील पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचा एक तंटा आला. पदविका असलेल्यांना जादा गुण द्यावयाचे, असा नियम होता. काही उमेदवार पदविका-परीक्षा उत्तीर्ण झालेले होते, पण अर्जाच्या मुदतीत त्यांना प्रमाणपत्र जोडता आले नव्हते. निवड समितीने विद्यापीठाकडून निकालाची खातरजमा करून घेतली आणि त्यांना ते गुण दिले. ज्यांच्या जागा त्यामुळे गेल्या त्यांनी दाद मागितली, आणि उच्च न्यायालयाने नियमाचे अक्षर धरून त्यांची बाजू घेतली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी चार्ल्स स्कारिया यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या निकालात दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या : पदविका असणे ही गाभ्याची बाब, ती ठरलेल्या तारखेस असलीच पाहिजे; ती असल्याचा कागद पुढे करणे ही रीतीची बाब, आणि रीत ही गाभ्याच्या सेवेसाठी असते. प्रवेशाच्या कागदांबाबत लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण अपिलातील निम्म्याहून अधिक प्रश्न त्याच्या एका कसोटीवर सुटतात. मुदतीच्या तारखेस माझ्यापाशी पात्रता होती काय? असल्यास कागदाच्या दोषासाठी मला बाहेर ठेवणे अन्यायाचे. नसल्यास नंतर आणलेला कोणताही कागद मला आत नेणार नाही.

याच विचाराने २००५ मध्ये ओडिशातील डॉली छंदा या विद्यार्थिनीस न्याय मिळाला. माजी सैनिकाची कन्या म्हणून तिला राखीव जागेचा हक्क होता, परंतु जिल्हा सैनिक मंडळाच्या पहिल्या दाखल्यात झालेली चूक तिच्या माथी मारली गेली होती. खुद्द दिल्लीतील नोकरभरतीच्या एका प्रकरणात, २०१६ मध्ये, अन्य मागासवर्गीयाचा दाखला मुदतीनंतर सादर झाला म्हणून उमेदवारी नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने अयोग्य ठरविले. येथे वाचकाला सावधही केले पाहिजे. न्यायालयांचा कल नेहमी एकाच दिशेने राहिलेला नाही. २०२३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील आर्थिक दुर्बल घटकांच्या दाखल्यांबाबत न्यायालयाने मुदतीची तारीख कसोशीने पाळली जावी असे ठरविले, कारण त्या परीक्षेच्या नियमांत तारीख स्पष्ट दिलेली होती. यावरून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे : आपल्या माहितीपत्रकात दाखल्याच्या तारखेविषयी काय लिहिले आहे ते शब्दशः वाचल्याशिवाय कोणत्याही निकालावर विसंबू नये.

दाखल्यांतील दोष मराठी उमेदवाराच्या बाबतीत कोठे निघतात, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव छापलेले असते, आणि आईचे नाव निराळ्या रकान्यात असते. दिल्लीच्या दाखल्यावर केवळ नाव व आडनाव. समजा, पदवीवर ‘कुलकर्णी सीमा अनंत’ असे नाव आहे, विवाहानंतर आधारकार्डावर ‘सीमा जोशी’ झाले, आणि अर्जात उमेदवाराने सवयीने ‘सीमा मिलिंद जोशी’ लिहिले. तपासणाऱ्याला ही तीन माणसे वाटल्यास त्याचा सर्वस्वी दोष म्हणता येत नाही. विवाहनोंदणीचा दाखला, ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि शक्य असल्यास राजपत्रातील नावबदलाची सूचना हे तीन कागद एकत्र ठेवले की ही शंका मिटते. आणि हे काम प्रवेशाच्या हंगामापूर्वी करून ठेवणे उमेदवाराच्या हातात असते.

मागासवर्गाच्या दाखल्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग अशा ज्या वर्गवाऱ्या आहेत त्या केंद्राच्या यादीत त्या नावांनी नाहीत. धनगर समाजाच्या उमेदवाराचा राज्याचा दाखला भटक्या जमातीचा असतो, पण दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठात त्याला केंद्रीय नमुन्यातील अन्य मागासवर्गीयाचा, आणि तोही चालू आर्थिक वर्षात काढलेला दाखला लागतो. राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला तीन वर्षे चालतो म्हणून तो येथेही चालेल, ही समजूत अनेकांना महागात पडते. राज्याच्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास ठरलेल्या मराठा उमेदवारास ते आरक्षण केंद्रीय विद्यापीठात मिळत नाही. स्थलांतराचा मूळ प्रश्न तर १९९० मध्येच घटनापीठापुढे गेला होता, आणि तोही मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून : आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत जन्मलेला आणि लहानपणी मुंबईस आलेला मर्री चंद्रशेखर राव हा विद्यार्थी महाराष्ट्रात त्या जमातीचे आरक्षण मागत होता; एका राज्यातील अनुसूची दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. केंद्रीय विद्यापीठात हा अडसर येत नाही. दिल्ली राज्याच्या विद्यापीठात मात्र महाराष्ट्राचा दाखला चालतोच असे धरून चालू नये.

दाद मागावयाची कोणाकडे? विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रारनिवारणाविषयी जे विनियम प्रसिद्ध केले, त्यांची माहिती प्रवेशार्थींना फारच थोडी असते, आणि याचे मला दुःख वाटते. या विनियमांत विद्यार्थी या संज्ञेत प्रवेश मागणारा उमेदवारही येतो. जाहीर केलेल्या धोरणाविरुद्ध प्रवेश नाकारणे, गुणवत्ताक्रम डावलून दुसऱ्यास प्रवेश देणे, आरक्षणाचा भंग करणे, माहितीपत्रकात दिशाभूल करणारा मजकूर छापणे आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून धरणे ही सर्व कारणे त्यांत तक्रारीस पुरेशी मानली आहेत. प्रवेश सुरू होण्यापूर्वी निदान ६० दिवस माहितीपत्रक प्रसिद्ध झाले पाहिजे, असेही बंधन आहे. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी, तिने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत आपला अहवाल द्यावा, आणि तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास निर्णय हाती पडल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करावे. हे पद निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्याकडे असते आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. आधीची पायरी ओलांडून थेट लोकपालाकडे गेल्यास अर्ज परत येतो. उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीची मागणी, विशिष्ट अनियमितता दाखविल्याखेरीज, लोकपाल ऐकत नाहीत.

समितीपुढे जाणारा अर्ज कसा असावा, याचे उत्तम शिक्षण आपल्याला आपल्याच इतिहासात मिळते. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा प्राथमिक शिक्षकांची दुरवस्था त्यांनी केवळ कळवळून सांगितली नाही. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी वर्गात मिसळू शकणारे असावेत आणि त्यांचे वेतन १२ रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावी १५ ते २० असावे, असे त्यांनी आकड्यांनिशी लिहिले. ज्याच्या मनात एवढा जळता विषय होता त्याने मागणी इतकी मोजून मांडली, हे आजच्या अर्जदाराने ध्यानात ठेवावे. एम.ए.च्या गुणांकडे दुर्लक्ष झालेल्या आपल्या त्या उमेदवाराचा अर्ज, इंग्रजीत वा हिंदीत पाठवावयाचा असला तरी, आशयाने पुढीलप्रमाणे असावा :

‘माझा अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी सादर केला. तो अमुक दिनांकास “पदवीत ५० टक्के गुण नाहीत” या शेऱ्याने नामंजूर झाला. माहितीपत्रकाच्या अमुक पृष्ठावरील अमुक कलमानुसार पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी एकीत ५० टक्के गुण पुरेसे आहेत. माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेत ५८ टक्के गुण आहेत; ती मूळ अर्जास जोडलेली होती, त्याची पोच सोबत आहे, व गुणपत्रिकेची नक्कल पुन्हा जोडीत आहे. सबब नामंजुरीचा निर्णय रद्द करून माझा अर्ज चालू फेरीत विचारात घ्यावा, निर्णय होईपर्यंत एक जागा राखून ठेवावी, आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’

एवढे पुरते. यात नियम आहे, वस्तुस्थिती आहे, पुरावा आहे आणि मागणी आहे. घरची हकीकत नाही. जागा राखून ठेवण्याची विनंती मात्र विसरू नये, कारण जागा भरल्या गेल्यावर अपील जिंकूनही हाती काही राहत नाही. तसेच अर्ज भरतानाच प्रत्येक पडद्याचे वेळेसह चित्र, शुल्काची पावती आणि त्या दिवशीचे माहितीपत्रक आपल्यापाशी उतरवून ठेवावे. संकेतस्थळावरील मजकूर पुढे बदलतो आणि मग आपण कोणता नियम वाचला होता हे सिद्ध करता येत नाही.

वेळ हाच या साऱ्या व्यवहारातील खरा प्रतिपक्षी आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, परंतु उत्तराची मुदत ३० दिवसांची. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंतचा काळ कित्येकदा त्याहून कमी असतो. म्हणून तो अर्ज पुरावा गोळा करण्यासाठी जरूर करावा, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत तक्रार थांबवू नये. नकार मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत समितीकडे तक्रार रुजू झालेली असावी, आणि समिती गप्प राहिली व फेऱ्या पुढे सरकू लागल्या तर राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली दिल्ली उच्च न्यायालयाकडे जावे. २०१९ मध्ये कृष्णा श्रद्धा यांच्या प्रकरणात, वैद्यकीय प्रवेशाच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःची काहीही चूक नसताना ज्याला प्रवेश नाकारला गेला आणि ज्याने विनाविलंब न्यायालय गाठले, त्याला अपवादात्मक परिस्थितीत मुदतीनंतरही जागा देता येते, ती शक्य नसल्यास पुढील वर्षी. केवळ नुकसानभरपाईवर त्याची बोळवण करू नये. तो निकाल एम.बी.बी.एस.पुरता आहे, पण त्यातील विनाविलंबाची अट कोणत्याही प्रवेशाच्या तंट्यात उमेदवाराला विचारली जाणारच.

वकिलाच्या खर्चाला भिऊन पुष्कळ मुली येथेच थांबतात, आणि हे थांबणे अगदी अनावश्यक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, त्यांचे वा घरच्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग उमेदवारांनाही तो आहे. मयूर विहारच्या रहिवाशाला पूर्व दिल्लीचे विधी सेवा प्राधिकरण कडकडडूमाच्या न्यायालयात, मेट्रोच्या गुलाबी मार्गावर, सापडते आणि उच्च न्यायालयातील प्रकरणासाठी त्या न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे.

येथपर्यंत उमेदवाराच्या अपिलाचा विचार झाला. परंतु अध्यापक-शिक्षणात आणखी एक अपील असते, ते संस्थेचे, आणि त्याचा परिणाम उमेदवाराच्या आयुष्यावर अधिक खोल होतो. परिषदेच्या कायद्यातील १४ व्या, १५ व्या किंवा १७ व्या कलमाखाली एखाद्या विद्यालयास मान्यता नाकारली गेली वा काढून घेतली गेली, तर १८ व्या कलमाने त्या विद्यालयाला परिषदेकडे अपील करता येते. महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांना परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने दिलेल्या मान्यतेवरून २००८ च्या सुमारास मोठा तंटा झाला. राज्य सरकारला इतकी विद्यालये नको होती, आणि सुमारे तीनशे संस्थांचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि २०१२ च्या ऑगस्टमधील त्याच्या अहवालाने सर्व देशातील अध्यापक-शिक्षणाच्या दर्जाची परखड मीमांसा केली; बी.एड. दोन वर्षांचे करणाऱ्या २०१४ च्या विनियमांचे मूळ त्या अहवालात आहे. महाराष्ट्रातील गल्लोगल्लीच्या विद्यालयांचा हा वाद सर्व भारताच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आराखडा बदलून गेला, याची जाणीव मराठी वाचकांतही फारशी नाही.

ज्या उमेदवारास दिल्लीच्या विद्यापीठाने नाकारले, तो निराशेच्या भरात नोएडा किंवा गाझियाबादकडील एखाद्या खासगी महाविद्यालयात लगेच शुल्क भरावयास निघतो, किंवा मुक्त विद्यापीठाकडे वळतो. दूरशिक्षणाचे बी.एड. हे सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा परिषदेची मान्यता असलेला एखादा अध्यापक-शिक्षणक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेल्यांसाठी आहे. नुकत्या पदवीधराला ते खुले नाही. खासगी महाविद्यालयाबाबत मात्र १७ वे कलम लक्षात ठेवले पाहिजे, कारण मान्यता गेलेल्या संस्थेतून मिळविलेली पात्रता सरकारी, विद्यापीठीय वा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही, आणि अशा पदवीधरास मग कोणत्याही समितीपुढे अपील करून उपयोग होत नाही. शुल्क भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाकडून परिषदेच्या मान्यतेचा हुकूम मागून घ्यावा, त्यावरील अभ्यासक्रमाचे नाव, तारीख आणि मंजूर प्रवेशसंख्या वाचावी, आणि परिषदेच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ती ताडून पाहावी. दिल्लीचे अपील प्रलंबित असताना दुसरीकडे प्रवेश घेण्यास आडकाठी नाही. अनुदान आयोगाने त्या वर्षासाठी ठरविलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केल्यास भरलेले शुल्क परत मिळते, आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचा अधिकार त्या महाविद्यालयास नसतो.